तेराचा शिक्का

ते साल एकोणीसशे तेहतीस. जानेवारीत श्रॉपशरच्या डोंगरांवर बर्फ पडला आणि कुंपणांच्या सावलीत फेब्रुवारीपर्यंत तसाच राहिला. त्याच्याहून मोठे बर्फ आधीही पडले होते, नंतरही पडले. पण हॅझलहोपमध्ये ते वर्ष लक्षात राहिलं ते एनॉक प्रीसच्या हाताचं वर्ष म्हणून.

एनॉक मेजर थर्सबींच्या इस्टेटीवर राखणदार होता. मेजरसाहेबांच्या शिकारीसाठी फेझंट पक्षी वाढवायचे, रान सांभाळायचं, कोल्हे आणि कावळे मारायचे, हे त्याचं काम. त्याच्या बापानेही तेच केलं होतं आणि बापाची दुनळी बंदूकच एनॉककडे आली होती. बंदूक इस्टेटीची, घर इस्टेटीचं, अंगावरचा हिरवट कोटसुद्धा इस्टेटीचा. त्या जानेवारीतल्या एका सकाळी टेकडीवरच्या पाखरांच्या कुंपणाशी कोल्हा दिसला म्हणून त्याने डाव्या नळीचा चाप ओढला. कोल्हा निघून गेला. एनॉकच्या डाव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं मात्र बर्फावर राहिली.

केझाया, त्याची बायको, तेव्हा मागच्या अंगणात पाखरांसाठी मका उकडत होती. आवाज तिने ऐकला. रोजच्या बारापेक्षा तो वेगळा होता, एखादी जाड चादर टरकन फाडावी तसा. हातातला डाव तसाच घेऊन ती धावली. बर्फात बसलेला एनॉक उजव्या हाताने डावा हात धरून होता आणि म्हणत होता, "काही नाही, काही नाही, पाखरं बिथरली असतील, आधी त्यांना बघ."

"पाखरं गेली खड्ड्यात," ती म्हणाली आणि अंगावरचा एप्रन फाडून तिने त्याचा हात बांधला. मग त्याला घरी आणून ती पुन्हा टेकडीवर गेली आणि बंदूक उचलून आणली. का आणली, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. ती बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांच्या गल्लीत वाढलेली. फुटलेली नळी तिथे कोणी टाकून देत नाही, कशाने फुटली ते आधी बघतात, एवढं तिच्या अंगात होतं.

आठवड्याने इस्टेटीचा कारभारी कॅडवॉल आला. दारात उभा राहून बुटांवरचा बर्फ झटकत राहिला. आत या, असं त्याला कोणी म्हटलं नाही.

"मेजरसाहेबांना फार वाईट वाटलं, मिसेस प्रीस. पण नळीच्या तोंडात बर्फ गेला आणि याने तशीच उडवली. इतक्या वर्षांच्या राखणदाराने असं करावं?"

"बर्फ कुणी बघितला?"

"टेकडी चढताना हा पडलाच असेल ना कुठेतरी. सगळे तेच म्हणतायत."

"बंदूक फुटल्यावर खाली बसला तो. आधी नाही."

"ते आता काय..." कॅडवॉलने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "घर राखणदाराचं आहे. एका हाताचा राखणदार काय कामाचा? मार्चअखेर नवा माणूस येतोय. मेजरसाहेब म्हणतात, शिफारस लिहून देतील. फक्त निष्काळजीपणाचं लपवता येणार नाही. नव्या मालकाला फसवायचं कसं?"

खुर्चीत बसलेला एनॉक विस्तवाकडे बघत होता. त्याचा चेहरा केझायाला दिसला. बोटं तुटली तेव्हाही तो असा झाला नव्हता.

"आणि ती बंदूक द्या. इस्टेटीची आहे."

"सापडत नाहीये," केझाया म्हणाली.

बंदूक पिठाच्या पेटीत होती आणि पेटीवर एनॉकची आई, म्हातारी हॅना, शाल गुंडाळून बसली होती. कॅडवॉलने तिच्याकडे बघितलं.

"आजीबाई, जरा उठता का?"

"माझे गुडघे दुखतात, साहेब," हॅना म्हणाली. "मी सकाळी एकदा बसते आणि झोपायला उठते. तुम्हाला घाई असेल तर मला पेटीसकट उचला. पण आधी घरी बायकोला सांगून या, कंबर धरली तर शेकायला कोण आहे."

कॅडवॉल गेला. हॅनाने पेटीवरूनच खिडकीतून थुंकी टाकली.

एनॉकची कामं आता केझायाच्या अंगावर आली. पुढच्या हंगामाच्या अंड्यांसाठी माद्या धरून ठेवायचे ते दिवस होते. पहाटे उठून ती पिंजऱ्यांतून फिरायची, फडफडणाऱ्या माद्यांचे पंख छातीशी दाबून पोत्यात घालायची. नखांनी तिच्या मनगटांवर रेघा उठल्या. थंडीने बोटं भेगाळली, त्यांत चरबी भरून ती पुन्हा मका उकडायची, कुत्र्यांना घालायची, लाकडं फोडायची. शेजारच्या रानाचा राखणदार जोब बेडोज कधी येऊन गुपचूप लाकडांचे दोन भारे टाकून जाई. समोर मात्र थांबत नसे. त्याचंही घर इस्टेटीचंच होतं.

"जोब, तूही म्हणतोस बर्फ होता?" तिने एकदा त्याला कुंपणाशी गाठलंच.

"मी काहीच म्हणत नाही, केझाया. मला पाच पोरं आहेत."

"म्हणजे म्हणतोसच."

जोबने भारा खाली ठेवला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि गेला.

त्याच आठवड्यात तिने बंदुकीचे दोन भाग, नळ्या आणि दस्ता, उशीच्या अभ्र्यात घातले आणि क्रेव्हन आर्म्स स्टेशनहून गाडी धरून माहेरी, बर्मिंगहॅमला गेली. तिचा धाकटा भाऊ रूबेन नळ्या सरळ करायचं काम करी. त्याची कामाची जागा एका अंगणालगतच्या माडीवर होती. खिडकीची काच कधी पुसलेली नाही, मधोमध फक्त एक चौकोन लख्ख, कारण नळी डोळ्याला लावून त्यातून बघायचं असतं. तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा तो वास नाकात गेला तशी केझायाला आई आठवली. आईच्या केसांनासुद्धा तोच वास असायचा.

"डोंगरातली हवा मानवली म्हणायची," रूबेन म्हणाला. "म्हातारी दिसायला लागलीस."

"आणि तू जन्मल्यापासून तसाच कुरूप. हे बघ."

त्याने अभ्रा उघडला आणि त्याचं हसणं गेलं. फाटलेली डावी नळी केळ्याच्या सालीसारखी उलगडली होती. त्याने ती उजेडात धरली, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"बर्फाने फुटली म्हणतात," केझाया म्हणाली.

"बर्फ भरलेली नळी तोंडाकडे फुटते. फुगा येतो, अंगठी घातल्यासारखा. ही इकडे फाटलीये, मागे, डावा हात धरतो तिथे. तोंड बघ की. कोरं आहे."

मग त्याने नळ्या उलट्या केल्या आणि खालच्या सपाट बाजूवरची काजळी चिंधीने पुसली. दस्त्याला जोडल्यावर जी बाजू झाकली जाते तिथे बर्मिंगहॅमच्या पारखघराचे शिक्के असतात. पारखघरात प्रत्येक नळीत नेहमीच्या दुप्पट दारू आणि छर्रे ठासून ती उडवतात. टिकली तर मुकुटाचा शिक्का मारतात आणि भोक केवढं आहे त्याचा अंक ठोकतात. मुकुट अजून नीट दिसत होता. शेजारी अंक होता तेरा. अंक जितका लहान, तितकं भोक मोठं.

भिंतीवर लांब दांड्या टांगल्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला पितळेचं गोल माप. रूबेनने तेराचं माप काढलं, शाबूत असलेल्या उजव्या नळीत मागून सोडलं. ते खडखडत गेलं. त्याने बाराचं काढलं. तेराच्या नळीत बाराचं माप काडतुसाची जागा संपते तिथेच अडायला हवं. ते सुळकन आत गेलं, वीतभर, आणखी पुढे, आणि थांबलं नाही.

रूबेनने माप बाहेर काढलं आणि पुसून ठेवलं.

"केझ, ही पारखघराने पास केलेली नळी नाही राहिली. शिक्का आहे, नळी गेली. आतून इतकी खाल्लीये की कागद उरलाय. कधीतरी फुटणारच होती. कोण घासायचं ही?"

"घासायचं म्हणजे?"

"एमरीने. शिशाच्या गोळ्यावर एमरीची खरखरीत, लोखंड खाणारी पूड आणि तेल घेऊन. बघ आत. आरशासारखी आहे."

तिने उजवी नळी त्या लख्ख चौकोनाकडे धरली आणि आत बघितलं. चांदीची कडी एकात एक बसवावी तशी ती चमकत होती. आणि तिला सगळं कळलं. दर जानेवारीत विस्तवाशी बसून मांडीवर नळी घेऊन घासणारा एनॉक तिला दिसला. त्याच्याआधी त्याचा बाप.

हॅझलहोपला तशी रीत होती. हंगाम संपला की पहिल्या शनिवारी सगळ्या राखणदारांनी मोठ्या वाड्याच्या तबेल्यापुढे बंदुका घेऊन उभं राहायचं. मेजरसाहेब, त्यांच्याआधी त्यांचे वडील, एकेक बंदूक बिजागरीवर उघडून उजेडाकडे धरत आणि आतून बघत. सर्वांत लख्ख नळीवाल्याला तंबाखूचा डबा आणि मेजवानीत पहिली खुर्ची. ज्याच्या नळीत डाग दिसेल त्याच्या गळ्यात धुराडं साफ करायचा काळा ब्रश. तो घालून गावातून दारूच्या गुत्त्यापर्यंत चालायचं, आणि ईस्टरपर्यंत लोकांनी विचारायचं, काय रे, आमचं धुराडं कधी करतोस? एनॉकच्या गळ्यात ब्रश कधी आला नाही. तंबाखूचे डबे फडताळावर ओळीने होते, त्यांत केझाया बटणं आणि मसाले ठेवी. आतून सगळे बघत. खालचा शिक्का कोणी बघत नसे.

"ते माप मला दे," ती म्हणाली.

"बाराचं? माझ्या मालकाला कळलं तर मला नळीत ठासून उडवेल."

"तू मावणार नाहीस. दे."

पाहणीच्या शनिवारी सकाळी ती एनॉकची दाढी करत होती. एका हाताने त्याला कातडी ताणता येईना म्हणून आता हे रोजचं झालं होतं. त्याच्या हनुवटीवर फेस होता आणि वस्तरा गळ्याशी, तेव्हाच तिने रूबेनने सांगितलेलं सगळं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं.

तो हलला नाही. "म्हणजे मीच केलं."

"बोलू नकोस, कापेल."

"मीच घासली ती. बापाहून जास्त घासली. बर्फ नसेना का, चूक माझीच झाली ना? मग कॅडवॉल काय खोटं बोलतोय?"

"कुणासाठी घासलीस?"

त्याने फडताळावरच्या डब्यांकडे बघितलं.

"मला आवडायचं," तो शेवटी म्हणाला. "लख्ख झाली की आवडायचं मला, केझाया. खोटं कशाला बोलू."

वस्तरा तिच्या हातात थांबला. पेटीवरून हॅना म्हणाली, "तुझ्या बापाच्या गळ्यात एकदा आला होता ब्रश. तू पाळण्यात होतास. घरी आला, जेवला नाही, आणि त्याच दिवशी घासायला बसला. त्याला नाही आवडायचं ते. तुला आवडायला लागलं, कारण तू लहानपणापासून तेच बघितलंस. जा पोरी, घेऊन जा त्याला. आणि माझ्या पेटीतली बंदूक घ्या, बसून बसून माझ्या ढुंगणाला वळ पडलेत."

एनॉकने चेहरा पुसला. "घर जाईल."

"घर गेलंच आहे," केझाया म्हणाली. "आता नाव तरी घेऊन जाऊ."

तबेल्यापुढे बर्फ खरवडून जागा केली होती. टेबलावर हिरवं कापड, तंबाखूचा डबा आणि ब्रश. मेजर थर्सबी सत्तरीला टेकलेले, ताठ. लढाईत पाय जखमी झाला होता पण काठी घेत नसत. राखणदार ओळीने उभे होते. केझाया रविवारी चॅपेलला घालायची काळी टोपी घालून अंगणात शिरली, मागे एनॉक, आणि तिने फुटलेली बंदूक हिरव्या कापडावर ठेवली. फाटलेलं लोखंड कापडात रुतलं.

"आजच्या पाहणीत ही राहिली होती, सर," ती म्हणाली. "आतून बघा. डाग नाही."

कॅडवॉल पुढे झाला. "मिसेस प्रीस, ही जागा..."

"राहू दे," मेजर म्हणाले. "काय हवं आहे, बाई?"

तिने शिक्का दाखवला, माप दाखवलं, उजव्या नळीत सोडलं. माप खाली गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग ती ओळीकडे वळली.

"जोब, तुझी दे."

जोब बेडोज हलला नाही. त्याचे कान लाल झाले. कॅडवॉल त्याच्याकडे बघत होता, मेजर त्याच्याकडे बघत होते. मग जोबने नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, खालची बाजू अंगठ्याने पुसली आणि म्हणाला, "माझ्यावरही तेराच आहे." आणि दिली.

माप आत गेलं. थांबलं नाही. कोणीतरी जोरात श्वास घेतला. जोबने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं आणि तो खिशात घातला.

"यांनी स्वतःच घासल्या," कॅडवॉल म्हणाला. "घासा म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"एमरी कुठून यायची?" जोबचा आवाज फाटला. "तुमच्या कोठीतून. दर नाताळानंतर, तेलाच्या बाटलीबरोबर, प्रत्येक घरी एक डबी. मी काय ती पावावर लावून खायची होती?"

ओळीत एकजण हसला आणि मग पटकन खोकला.

मेजरांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "माझ्या वडिलांच्या काळापासून या बंदुका चालताहेत. एकही फुटली नव्हती. एका मापावरून त्या वाईट म्हणायच्या?"

"मग उडवा, सर," केझाया म्हणाली. "जोबची आहे ना ही, चांगली? उडवा एकदा. आमच्या माणसांनी रोज उडवली, तुम्ही एकदा उडवा. मी माफी मागते आणि आजच घर रिकामं करते."

एनॉक म्हणाला, "केझाया, पुरे." ती मागे वळली नाही.

मेजर भित्रे नव्हते, हे पुढे ती स्वतः म्हणायची. त्यांनी जोबला बंदूक पुन्हा जोडायला लावली, हात पुढे करून घेतली, त्याच्याकडून काडतूस मागून घेतलं, भरलं. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, नळी टेकडीकडे केली. आणि त्यांचा डावा हात, जो नळीच्या खाली पुढे जायला हवा होता, तो हळूहळू मागे सरकला. मागे, आणखी मागे, चापाच्या कमानीला येऊन चिकटला. त्यांना ते कळलंही नसावं. पण ओळीतल्या प्रत्येक माणसाने तो हात बघितला.

"हात पुढे, सर," केझाया म्हणाली. "एनॉकचा पुढे होता."

मेजरांनी खाली बघितलं. आपला हात कुठे आहे ते त्यांना दिसलं. मग बंदूक उघडली, काडतूस काढलं आणि टेबलावर उभं ठेवलं, अगदी हळू, जणू ते झोपलेलं आहे.

"बर्फ नव्हता," ते म्हणाले.

"मोठ्याने, सर. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मेजरांनी मान वर केली आणि लढाईतल्या आवाजात म्हणाले, "बर्फ नव्हता. प्रीसची चूक नव्हती."

त्यांनी काळा ब्रश उचलला, कोटाच्या आत घातला आणि लंगडत वाड्याकडे गेले. त्या वर्षी मेजवानी झाली नाही.

इस्टेटीच्या सगळ्या बंदुका त्या वसंतात बर्मिंगहॅमला गेल्या. पारखघरात त्यांतल्या बऱ्याच फाटल्या, सगळ्यांनाच नव्या नळ्या बसल्या. पाहणी पुन्हा कधी झाली नाही. मेजरांनी एनॉकची माफी मागितली नाही, पण घर सोडायचा विषय कोणी पुन्हा काढला नाही. पाच वर्षांनी ते वारले तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात तो ब्रश सापडला म्हणतात. कॅडवॉल पुढच्याच वर्षी दुसऱ्या मालकाकडे गेला. जोब बेडोजला त्याने जाण्याआधी कामावरून काढलं होतं. जोब पाच पोरांसह लडलो गावाच्या बाजूला रेल्वेत लागला आणि जन्मभर सांगत राहिला की एमरी पावावर लावून खाल्ली तर बरी लागते. हॅना त्याच पेटीवर बसल्या बसल्या गेली. रूबेनला त्याचं माप परत मिळालं, आणि ते नेल्याबद्दल मालकाच्या शिव्याही.

एनॉकने पुढे बंदूक धरली नाही. अंडी उबवणं, पिलं वाढवणं हेच त्याचं काम झालं, आणि त्यात त्याच्या हातचं यश दुसऱ्याला आलं नाही. तीन बोटं गेलेल्या हातात पिलू ठेवलं की ते शांत बसायचं.

फुटलेली बंदूक मेजरांनी परत मागितली नाही. केझायाने उजवी नळी कापून घेतली आणि चुलीशी फुंकणी म्हणून ठेवली. एनॉक गेल्यावरही ती तिथेच होती. कधी कोणी पाहुणा ती उचलून उजेडाकडे धरायचा, आत बघायचा आणि म्हणायचा, अहो, ही गंजलीये, थोडं तेल आणि एमरी...

"ठेव खाली," केझाया म्हणायची. "गंजू दे."